कलश हाती असता: एका बंद पडलेल्या क्रीडासंघाचा राहिलेला इतिहास

जलांचा स्वामी, सत्य आणि असत्य यांचा साक्षी, हाती पाश घेऊन पश्चिम दिशेचे रक्षण करणारा जो वरुण, त्याला वंदन करून हे लिहावयास घेतो. एरवी लेखनारंभी मी विघ्नहर्त्याचे स्मरण करतो. या वेळी विघ्न टळावे अशी प्रार्थना करण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही. ज्याच्यापुढे असत्य लपत नाही, त्याच्यासमोर बसणे अधिक योग्य.

निमित्त असे. आमच्या पाच महाविद्यालयांच्या क्रीडासंघातील माजी खेळाडूंचा मेळावा गेल्या महिन्यात सिंगापुरात झाला. त्याच्या स्मरणिकेत संघाचा इतिहास मी लिहिला होता. ज्यांनी तो वाचला त्यांनी भाषेचे कौतुक केले. तो इतिहास अपुरा होता, आणि तो अपुराच राहावा म्हणून मी पुष्कळ परिश्रम घेतले होते. राहिलेला भाग येथे देत आहे.

आमचा संघ म्हणजे पाच नद्यांच्या काठची पाच लहान महाविद्यालये. विद्यापीठाच्या स्पर्धा दूरच्या शहरात होत. आमची मुले तेथवर जात, पहिल्याच फेरीत हरत आणि आपल्या अनवाणी पायांवरून ऐकलेले टोमणे घेऊन परत येत. म्हणून पाच प्राचार्यांनी एकत्र बसून ठरवले की आपण आपल्यातच खेळावे. दरवर्षी एका महाविद्यालयाने यजमान व्हावे. कबड्डी, खो-खो, धावणे, उड्या आणि फेकी यांच्या स्पर्धा घ्याव्यात. ज्याचे गुण अधिक त्याने फिरता चषक वर्षभर आपल्या कपाटात ठेवावा. पाचांतील सर्वांत लहान महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे. संघाचा चिटणीस मला केले, कारण माझे अक्षर चांगले होते आणि खेळातले मला काही कळत नव्हते. ज्याला काही कळत नाही तो पक्षपात तरी कशाचा करणार, असे एक प्राचार्य सभेत म्हणाले, आणि ठराव एकमताने संमत झाला.

ते दिवस आनंदाचे होते, हेही सांगितले पाहिजे. बुडाला भोके पाडलेल्या डब्यातून फक्की सांडत आम्ही धावपट्ट्या आखत असू. एका वर्षी वाऱ्याने सगळी फक्की उडाली आणि शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत दोघे धावपटू एकमेकांवर आदळले. पंचांनी दोघांना विभागून पहिला क्रमांक दिला, तेव्हा तिसऱ्याने लेखी तक्रार केली की आपण एकटेच सरळ धावलो होतो. दुसऱ्या एका वर्षी चषक एस.टी.तच विसरला गेला. शेवटच्या थांब्यावरच्या वाहतूक नियंत्रकाने तो चार दिवस टेबलावर ठेवून त्यात लेखण्या उभ्या केल्या, आणि परत मागावयास गेलो तेव्हा त्याला खरोखर वाईट वाटले.

उद्घाटनाला कलश आणण्याची प्रथा पहिल्याच वर्षी पडली. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या नदीचे पाणी तांब्याच्या लहान कलशात भरून आणावे, वेशीपर्यंत बसने यावे, तेथून एका धावपटूने तो कलश मैदानापर्यंत धावत न्यावा, आणि पाचही पाण्यांनी ध्वजस्तंभाच्या चौथऱ्याला अभिषेक करावा. ही कल्पना चांगली होती आणि माझी नव्हती. तिच्यापुढचा नियम माझा होता.

देवाला नैवेद्य दाखवण्याआधी आपण घास घेत नाही. त्याच न्यायाने, अभिषेकाचे पाणी ज्याच्या हाती आहे त्याने तो होईपर्यंत स्वतः पाणी पिऊ नये, असे मी सुचवले. खेळाला काही धर्माधिष्ठान असावे अशी माझी इच्छा होती. नुसते सुचवून भागेना, म्हणून एक ओळ रचली: धृते कलशे जलं न पिबेत्। कलश हाती धरला असता पाणी पिऊ नये, इतकाच तिचा अर्थ. सभेत ती वाचताच एका वृद्ध प्राचार्यांनी हात जोडले आणि विचारले, हे कोणत्या ग्रंथातले. मी किंचित हसलो आणि पुढच्या विषयाकडे वळलो. त्या हसण्याचा अर्थ त्यांनी 'फार प्राचीन' असा घेतला, आणि मी तो घेऊ दिला. पुढच्या वर्षी छापील नियमावलीत ती ओळ पहिल्या पानावर आली, खाली 'शास्त्रवचन' असे लिहून. तो मजकूर मुद्रणालयात मीच दिला होता.

पुष्कळ वर्षे त्यातून काही अपाय झाला नाही. स्पर्धा मार्गशीर्षात होत. हवा थंड असे, धावणे पाव तासाचे असे.

मग एका वर्षी परीक्षा पुढे गेल्या आणि स्पर्धा चैत्रात आल्या. यजमानपद आमच्याकडे होते. आमचा कलश ज्याच्या हाती होता तो पाच हजार मीटर धावणारा, संस्कृतच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा मुलगा होता. तो घरून अनवाणी आला होता आणि माझ्याकडे पाहून लाजला होता. प्रमुख पाहुण्यांची मोटार वाटेत बंद पडली. कलश वेशीवरून मैदानात येऊन पोचले होते, पण पाहुण्यांसमोर मैदानाची एक फेरी आणि मग अभिषेक व्हायचा होता, म्हणून उद्घाटन थांबले. पाच जण पाच कलश घेऊन उन्हात रांगेत उभे होते. बाकीच्या चौघांनी हळूच कलश दुसऱ्याकडे दिले आणि कार्यालयामागच्या नळावर जाऊन आले. मी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. ते इतर महाविद्यालयांचे होते. आमचा तसाच उभा राहिला. सूर्य माथ्यावर आला. त्याच्या कपाळावरचा घाम थांबला आणि तो कोणाकडेही न पाहता हसू लागला. मला ते प्रसन्नतेचे लक्षण वाटले.

तेव्हा गर्दीतून कोणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन त्याच्याजवळ गेले. त्याने कलश डाव्या हातात घेतला आणि उजवा हात पुढे केला. मी चार पावलांवर होतो. मी हात आडवा केला. "आता थोडक्यासाठी नको," असे मी म्हणालो. तांब्या परत गेला, आणि त्याने पुढे केलेला हात पुन्हा कलशावर ठेवला.

पाहुणे आले. मैदानाची फेरी त्याने पुरी केली. चौथऱ्यावर पाणी ओतले आणि तो तेथेच पडला. तालुक्याच्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी तो गेला.

शोकसभेत मी संस्कृत श्लोक म्हटला. तहानेने व्याकूळ असताही ज्याने समोर आलेले जल नाकारले आणि व्रतभंग होऊ दिला नाही, त्याला नमस्कार असो, असा त्याचा भाव होता. सभेत अनेक जण रडले. श्लोक वृत्तात निर्दोष होता.

पुढच्या वर्षी स्पर्धांची सूचना माझ्याकडून निघावयाची होती. ती मी काढली नाही. कोणी विचारलेही नाही. संघ विसर्जित झाला असा ठराव कोठेही नाही. स्मरणिकेतल्या इतिहासात मी लिहिले की 'काळाच्या ओघात' संघाचे कार्य थांबले.

पत्नीच्या निधनानंतर चिरंजीवांनी मला सिंगापूरला आणले. बुकित बातोकला अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, मला कॉफी मिळते. दूध नको हे मी खुणेने सांगतो आणि तेथली वृद्ध चिनी बाई मलाच दोनदा विचारून खात्री करून घेते. घरात चिरंजीव, सूनबाई आणि माझी नात. नात कनिष्ठ महाविद्यालयात शिकते आणि लांब पल्ल्याचे धावते. मी मराठीत बोलतो, ती मराठीत इंग्रजी मिसळून उत्तर देते, आणि दोघांनाही सर्व समजते.

एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. क्वीन्सटाउनजवळच्या एका कंपनीत तो अभियंता आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाचा एकेरी उल्लेख मी करतो, तो केवळ तो माझ्या वर्गात बसला म्हणून. त्याने वाकून नमस्कार केला आणि सांगितले की संघाच्या माजी खेळाडूंना इथे मेळाव्यासाठी बोलवायचे ठरले आहे. पुण्या-मुंबईहून काही येतील, इथले काही आहेत. जुन्या प्रथेप्रमाणे पाच नद्यांचे पाणी आणावे, बुकित तिमाहच्या एका काँडोच्या, म्हणजे खासगी निवासी संकुलाच्या, हिरवळीवर उद्घाटन करावे, आणि तेथून जुन्या रेल्वेमार्गाच्या जागी झालेल्या पायवाटेने क्वीन्सटाउनच्या सभागृहापर्यंत कलश धावत न्यावा. इतिहास मी लिहावा. आणि, तो नातीकडे पाहत म्हणाला, कलश हिने धरावा.

नात खूश झाली. मग त्याने तिला त्या मुलाची गोष्ट सांगितली. मी समोरच बसलो होतो. समोर आलेले पाणी त्याने कसे नाकारले, ते त्याने इतक्या भक्तिभावाने सांगितले की सूनबाई चहा हातात घेऊन दारातच थांबल्या. सांगून झाल्यावर त्याने माझी ती ओळ म्हटली. उच्चार शुद्ध होते. मीच शिकवले होते.

"मीसुद्धा नाही पिणार," नात म्हणाली. "आय कॅन, लाह." ते 'लाह' इथल्या बोलीतले, ठासून सांगण्याचे.

त्या क्षणी बोलावयास हवे होते. मी चहाची बशी सरळ केली.

पुढच्या आठवड्यांत पाणी येऊ लागले. कोणी प्लॅस्टिकच्या बाटलीत, कोणी औषधाच्या, सामानातून विमानाने. पाच बाटल्या आमच्या देवघराशेजारी ओळीने उभ्या राहिल्या. एकीच्या तळाशी गाळ बसला, दुसरीत हिरवट तवंग आला. सूनबाईंना डासांची भीती. इथे साठलेल्या पाण्याची तपासणी करणारे घरोघर येतात आणि झाडांच्या कुंडीखालची बशीसुद्धा उचलून पाहतात. नदीच्या पाण्याला काय म्हणून सांगायचे, असे त्या चिरंजीवांना विचारत. तीर्थ म्हणून सांग, असे चिरंजीव म्हणत, आणि दंड झाला तर प्रसाद म्हणून भर, असे त्या म्हणत. सगळे हसत. मी त्या बाटल्यांसमोर संध्या करी, आणि आचमनाचे पाणी हातात घेतले की ते तोंडाशी नेण्यास मला वेळ लागू लागला.

नियमही वाढत गेला. मी लिहिले होते, कलश हाती असता पिऊ नये. माझ्या विद्यार्थ्याने त्यात श्रद्धेने भर घातली की आदल्या दिवशी सायंकाळी कलश भरला जाईल, तेव्हापासूनच संकल्प धरावा. त्याने मला दूरध्वनीवर विचारले, हे शास्त्राला धरून होईल ना. मी म्हणालो, इतके कशाला. तो हसून म्हणाला, सर, तुम्ही नेहमी आम्हाला सवलत देता.

नात सराव करू लागली. संध्याकाळी धावून आली की पाण्याची बाटली टेबलावर ठेवी, तिच्याकडे पाहत बसे आणि घड्याळ लावी. आज अर्धा तास, उद्या एक तास. ओठ कोरडे, डोळे चमकणारे. एकदा ती खुर्चीवरून उठताना भिंतीला धरून थांबली. सूनबाईंनी ते पाहिले. नात आत गेल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी वर आवाजात बोललेल्या नाहीत, तेव्हाही बोलल्या नाहीत.

"बाबा, तुम्ही नुसतं 'नको' म्हणा. आमचं ऐकणार नाही ती. तुमचा शब्द मोडणार नाही."

मी "म्हणतो" असे म्हणालो. त्या उठून गेल्या.

नको म्हणणे सोपे होते. पण तिने 'का' विचारले असते. म्हणून मी आडमार्ग घेतला. मेळाव्याच्या तीन दिवस आधी नातीला जवळ बसवून सांगितले की प्रत्येक नियमाला अपवाद असतो, देश आणि काळ पाहावा लागतो, इथली हवा दमट, घोटभर घेतले तर दोष नाही. तिने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले आणि हसली.

"टेस्ट करताय ना, आजोबा? त्या दादाची पण केली होती का अशी?"

मौन ही माझ्याजवळची सर्वांत सरावाची गोष्ट होती. तिने ते होकारार्थी घेतले आणि माझ्या पायांना हात लावून उठली.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी बुकित तिमाहच्या त्या हिरवळीवर वारा नव्हता. शेजारच्या बेटांवर कोठेतरी रान पेटले होते. हवेत जळकट वास होता आणि ऊन पिवळट दिसत होते. दक्षिणेला ढग साचत होते, पण सूर्यावर आले नव्हते. मला व्यासपीठावर बसवून शाल घातली. खाली पाच जण कलश घेऊन उभे राहिले. चौघे इतर महाविद्यालयांचे जुने खेळाडू, पोटे सुटलेले, एकमेकांची चेष्टा करणारे. एक म्हणाला की आपण धावणार नाही, कलशच आपल्याला ओढत नेईल. पाचवी माझी नात. तिने आदल्या सायंकाळपासून पाणी घेतले नव्हते.

प्रमुख पाहुणे विमानतळावरून येत होते. विमानाला उशीर झाला होता. स्वागत झाले, दीपप्रज्वलन झाले, सत्कार झाले. ज्यांचे सत्कार ठरले नव्हते त्यांचेही वेळ भरून काढण्यासाठी झाले. पहिला तास गेला. चौघांनी कलश बायकामुलांकडे दिले आणि सावलीत जाऊन नारळपाणी घेतले. नात उन्हातच उभी होती. सावलीत ये म्हणून तिला दोघातिघांनी सांगितले. तिने मान हलवली.

पलीकडच्या शाळेच्या मैदानावर वीज पडण्याच्या धोक्याचा भोंगा वाजला. खांबावरचा दिवा फिरू लागला. तिकडची मुले मैदान सोडून छपराखाली पळाली. आमच्याकडे दोघातिघांनी वर पाहिले. कार्यक्रम चालू राहिला.

सूनबाई पाण्याची बाटली घेऊन नातीजवळ गेल्या. मी पाहत होतो. त्यांना कोणी अडवले नाही. हात आडवा करणारा कोणी नव्हता. आता त्याची गरजच उरली नव्हती. नातीनेच मान हलवली. सूनबाई तेथेच बाटली धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी व्यासपीठाकडे, माझ्याकडे पाहिले.

ध्वनिक्षेपकावर माझा विद्यार्थी त्या मुलाची गोष्ट सांगत होता. पाहुण्यांची मोटार फाटकातून आत आली. लोक उठले. धावण्याच्या आरंभाची शिट्टी ज्याच्याकडे होती तो पुढे आला. नातीच्या कपाळावरचा घाम वाळला होता. ती समोर कोणीही नसताना हसली.

व्यासपीठाच्या पायऱ्या मी कशा उतरलो ते आठवत नाही. शाल वाटेत पडली असे नंतर कळले. मी विद्यार्थ्याच्या हातातला ध्वनिक्षेपक घेतला. माझा आवाज फार लहान आला.

"त्यानं पाणी नाकारलं नव्हतं. त्यानं हात पुढे केला होता. मी तांब्या परत पाठवला. शास्त्रवचन वगैरे काही नाही, ती ओळ मी लिहिली. बाळ, कलश खाली ठेव."

नातीने ऐकले की नाही कळले नाही. ती तशीच हसत होती. मी जाऊन कलश तिच्या हातांतून काढला. बोटे घट्ट होती, एकेक उलगडावी लागली. कलश गवतावर पडला आणि पाणी सांडले. सूनबाईंनी बाटली तिच्या ओठांना लावली, पहिला घोट हनुवटीवरूनच ओघळला, आणि ती आईच्या अंगावर कोसळली.

रुग्णवाहिका येईपर्यंत तिला सावलीत निजवून सगळ्यांनी मिळून तिच्यावर पाणी घातले, नारळपाण्याच्या पेटीतला बर्फ काखेत ठेवला. त्या धावपळीत मी आणि माझा विद्यार्थी एका झाडाजवळ उभे राहिलो. तो माझ्याकडे पाहत नव्हता.

"सर, तो तांब्या माझ्या हातात होता," तो म्हणाला.

मला त्या दिवसाचा तांब्या आठवत होता, तो आणणारा आठवत नव्हता. मी त्याला विचारले की मग इतकी वर्षे तू ती गोष्ट अशी कशी सांगत आलास. त्याचा हात पुढे आलेला तर तूच सर्वांत जवळून पाहिलास.

"तुमच्या श्लोकात 'नाकारलं' असं होतं. मला वाटलं, मलाच नीट दिसलं नसेल."

आकाशात गडगडले आणि मोठे थेंब पडू लागले. आमच्यापैकी कोणी हलले नाही.

नात पाच दिवस रुग्णालयात होती. मूत्रपिंडांवर ताण आला आहे, तो किती आणि किती काळ हे पुढच्या तपासण्यांत कळेल, असे तेथल्या डॉक्टर म्हणाल्या. आणखी थोडे धावली असती तर काय झाले असते हे मी विचारले नाही. ते मला आधीच ठाऊक होते. ती घरी आली आहे. धावणे बंद आहे. पहिले काही दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि मी ती बोलावी अशी अपेक्षा केली नाही. मग एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली आणि विचारले की ती ओळ खरेच प्राचीन नव्हती का. नव्हती, असे मी सांगितले. त्या दादाला शेवटी पाणी मिळाले का, असे तिने विचारले. पडल्यावर मिळाले, असे मी सांगितले. मग तिने माझ्या टेबलावरचा पेला भरला, अर्धा स्वतः प्यायली आणि उरलेला माझ्यासमोर ठेवून गेली. तो प्यावा की नाही हे मला समजेना. शेवटी प्यायलो.

माझा विद्यार्थी गेल्या रविवारी आला. या वेळी त्याने नमस्कार केला नाही, आणि मला ते योग्य वाटले. त्याने एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. त्या मुलाची आई अजून आहे. वय फार झाले आहे, दृष्टी गेली आहे, पण ऐकू येते. सुट्टीत गावी गेला की तो तिला भेटतो. माझा श्लोक चौकटीत घालून तिने देवघरात लावला आहे. तिला संस्कृत येत नाही. अर्थ त्यानेच एकदा समजावून दिला. घरी कोणी आले की ती त्या चौकटीकडे हात करून सांगते की माझ्या मुलाने स्वतः पाणी नाकारले, त्याला कोणी मारले नाही. या आधारावर ती जगली, असे तो म्हणाला. मग त्याने विचारले की आता काय करायचे.

मी दोन दिवस जप केला आणि उत्तर मिळाले नाही. तिला सांगणे क्रूर आहे. न सांगणे म्हणजे तो हात पुन्हा एकदा आडवा करणे आहे, आणि तो मुलगा तहानलेला होता ही गोष्ट त्याच्या आईपासूनही अडवून धरणे आहे. चिरंजीवांचे म्हणणे, या वयात तिला राहू द्या. सूनबाईंनी माझी विमानात चालतील अशी औषधे वेगळ्या पिशवीत काढून ठेवली.

येत्या गुरुवारी मी आणि माझा विद्यार्थी निघत आहोत. विमान सकाळचे आहे. पुढे मोटारीने सहा तास. तिच्या दारात उभा राहून पहिले वाक्य कोणते म्हणावे याची मी रोज तयारी करतो, आणि रोज ते वाक्य मला खोटे वाटते, कारण ते नीट रचलेले असते. ती काय म्हणेल हे मला माहीत नाही. शाप देईल तर तो मी मस्तकी घेईन. ती ऐकून मुकाट्याने भिंतीकडे तोंड करील, अशी भीती मला अधिक वाटते. जे घडेल ते संघाच्या इतिहासाचे शेवटचे पान, आणि ते माझ्याकडून लिहिले जाईलच असे सांगता येत नाही.

वाचकहो, तुमच्या घरातील मुलाबाळांना दीर्घायुष्य लाभो. तुमच्या वडीलधाऱ्यांच्या मुखी सत्य राहो, आणि ते वेळेवर येवो. तुमच्या उंबरठ्यावर उन्हातून आलेल्या कोणालाही, कोणत्याही पुण्यासाठी, पाण्यावाचून थांबावे न लागो. तुमची पात्रे भरलेली असोत आणि तुमचे हात देते असोत. वरुणदेव तुमच्या कुटुंबाचे रक्षण करो. शुभं भवतु.